ग्वांगह्वामुन : एका चौकाचे पाठभेद

ज्यांनी एखाद्या जुन्या ग्रंथाच्या दोन-चार पोथ्या शेजारी ठेवून वाचल्या आहेत, त्यांना ‘मूळ पाठ’ ही किती अवघड गोष्ट आहे हे वेगळे सांगावयास नको. कर्त्याच्या हातची पोथी बहुधा उपलब्ध नसते. उपलब्ध असतात त्या नकला, आणि प्रत्येक नकलेत कोणीतरी काही गाळलेले असते, काही घातलेले असते, काही आपल्या समजुतीने सुधारलेले असते. संपादकाला त्यांतून निवड करावी लागते. ती निवड कोणत्या आधारावर केली आणि कोणते पाठ बाजूला ठेवले, हे जो तळटीपेत प्रामाणिकपणे नोंदवतो त्याच्याच आवृत्तीवर आपण विश्वास ठेवतो.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील ग्वांगह्वामुन चौक आम्ही पाहिला तो ह्या दृष्टीने. सहाशे वर्षांत ह्या जागेचे इतक्या वेळा पुनर्लेखन झाले आहे, की येथे इतिहास पाहावयास येणाऱ्याने आधी ‘कोणत्या सालचा इतिहास?’ असे स्वतःस विचारावे. कोरियन समाज गेली काही दशके ह्या प्रश्नाचे उत्तर दगड, लाकूड आणि अक्षरे ह्यांच्या साहाय्याने देत आला आहे, आणि त्याचे अजून एकमत झालेले नाही. वादाच्या केंद्रस्थानी आहे महाद्वारावरची एक पाटी. तिच्यावर अक्षरे तीनच आहेत.

प्रथम स्थळाची कल्पना द्यावयास हवी. उत्तरेस बुगाक डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी जोसन राजघराण्याचा मुख्य राजवाडा, ग्योंगबोकगुंग. राजवाड्याच्या दक्षिण तटात तीन कमानींचे दगडी आणि वर दुमजली लाकडी मंडप असलेले महाद्वार, तेच ग्वांगह्वामुन. ह्या द्वारापासून दक्षिणेकडे लांबट चौक पसरला आहे. त्यात राजा सेजोंगचा बैठा पुतळा आहे आणि त्याच्याही दक्षिणेस नौसेनानी यी सुन-सिनचा उभा पुतळा. दोघांचीही तोंडे दक्षिणेला, म्हणजे राजवाड्याकडे पाठ. चौकाच्या पूर्वेस अमेरिकेचा दूतावास आणि समकालीन इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय, पश्चिमेस १९७८ साली उभे राहिलेले सेजोंग कलाकेंद्र. दक्षिण टोकाच्या चौरस्त्याजवळ ‘दोंगा इल्बो’ ह्या दैनिकाची जुनी इमारत, क्योबो कंपनीची उंच इमारत आणि तिच्या तळघरातले सुप्रसिद्ध पुस्तकांचे दुकान. तेथून जवळच चॉंग्येचॉन ओढ्याचा आरंभ. दक्षिण टोकापासून द्वारापर्यंत चालत गेल्यास दहा मिनिटे पुरतात. आम्हांस मात्र अर्धा दिवस पुरला नाही.

‘दोंगा इल्बो’ची इमारत १९२६ सालची. आज तिच्यात इल्मिन कलासंग्रहालय आहे. भारतीय वाचकाचे पाऊल येथे थबकावे ह्याला कारण आहे. १९२९ साली रवींद्रनाथ जपानमध्ये आले असता ह्या दैनिकाने त्यांना कोरियाभेटीचे निमंत्रण दिले. त्यांना येणे जमले नाही. त्याऐवजी त्यांनी चार ओळींचा इंग्रजी संदेश दिला, आणि त्याचा कोरियन अनुवाद २ एप्रिल १९२९ रोजी प्रसिद्ध झाला. कोरियाला पूर्वेचा दीप म्हणणाऱ्या ह्या ओळी तेथे घरोघरी पोहोचल्या. परंतु पुढे जी ‘कविता’ लोकांच्या तोंडी बसली ती चार ओळींची नव्हती. ‘गीतांजली’तील पस्तिसावी कविता तिला जोडली गेली होती आणि शेवटी कोरियाचे नावही घातले गेले होते. पाठचिकित्सेच्या भाषेत हे उघड क्षेपक आहे. पण पारतंत्र्य भोगलेल्या लोकांना चार ओळींचे सांत्वन अपुरे वाटले, आणि भयमुक्त देशाची प्रार्थना आपल्याच नावाने झालेली असावी असे त्यांना वाटले, ह्याची साक्ष ते क्षेपकच देते. अस्सल चार ओळी ती देऊ शकत नाहीत.

ह्याच दैनिकाने एकदा घालण्याऐवजी पुसण्याचेही काम केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सोन की-जोंग हा कोरियन धावपटू मॅरेथॉन जिंकला, पण धावला तो जपानच्या नावाने, कारण कोरिया तेव्हा जपानची वसाहत होता. ‘दोंगा इल्बो’ने त्याचे छायाचित्र छापताना त्याच्या छातीवरचे जपानी निशाण पुसून टाकले. पत्रकारांना तुरुंगात जावे लागले आणि दैनिकाचे प्रकाशन थांबवण्यात आले. चौकाच्या दक्षिण टोकाला उभे राहून क्षेपक आणि लोप ह्यांची ही दोन उदाहरणे मनात ठेवली, की उत्तरेकडे जे दिसते ते अधिक नीट वाचता येते.

तत्पूर्वी चॉंग्येचॉनकडे एक दृष्टिक्षेप. जोसनकालीन राजधानीच्या मधून वाहणारा हा ओढा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काँक्रीटखाली बुजवला गेला आणि त्याच्यावर उन्नत महामार्ग आला. २००३ ते २००५ ह्या काळात महामार्ग पाडून ५.८ किलोमीटर लांबीचा ओढा पुन्हा उघडा करण्यात आला. त्याला ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात, आणि उन्हाळ्यात पाण्यात पाय सोडून बसलेली माणसे पाहिली की तो शब्द खोटा वाटत नाही. परंतु ते पाणी हान नदीतून आणि भुयारी रेल्वेच्या भूजलातून पंपाने आणून सोडलेले असते. मूळ ओढा पावसाळ्याव्यतिरिक्त बराचसा कोरडाच असे. म्हणजे पुनरुज्जीवित ओढ्यात जे बारमाही पाणी आहे ते मूळ ओढ्यात कधीच नव्हते. सोलमध्ये ‘पूर्ववत्’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला जातो ह्याचा हा पहिला धडा.

आता द्वाराकडे. यी सोंग-ग्येने १३९२ साली जोसन राज्य स्थापले, १३९४ मध्ये राजधानी येथे आणली आणि १३९५ मध्ये राजवाडा उभा राहिला. द्वाराला ग्वांगह्वामुन हे नाव मिळाले ते सेजोंगच्या कारकिर्दीत (१४१८ ते १४५०), त्याच्या विद्वत्सभेकडून. नावात प्रकाश, परिवर्तन आणि द्वार अशी तीन पदे आहेत. द्वारासमोरच्या रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राज्याची सहा प्रमुख खाती होती. आजचा चौक त्याच रस्त्यावर आहे. १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या वेळी राजवाडा जळाला आणि सुमारे २७० वर्षे तसाच ओसाड राहिला. बालराजा गोजोंगचा पिता देवनगुन ह्याने १८६५ साली पुनर्बांधणी हाती घेतली. तेव्हा ज्याला आपण ‘ऐतिहासिक राजवाडा’ म्हणतो तो मुळात एकोणिसाव्या शतकातील एका सत्ताधाऱ्याने, राजघराण्याची प्रतिष्ठा सावरण्यासाठी काढलेली दुसरी आवृत्ती होता.

१९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. वसाहतीच्या गव्हर्नर-जनरलसाठी राजवाड्याच्या आवारात, सिंहासनगृह आणि महाद्वार ह्यांच्या मधोमध, घुमटाची प्रचंड दगडी इमारत १९२६ मध्ये पूर्ण झाली. द्वार आता तिच्या दर्शनी बाजूच्या आड येत होते, म्हणून ते पाडण्याचे ठरले. ह्या बेताविरुद्ध १९२२ साली एक निबंध लिहिला गेला, आणि तो लिहिणारा जपानीच होता. लोककलांचे मर्मज्ञ यानागी मुनेयोशी ह्यांनी मरणोन्मुख द्वाराला उद्देशून विलाप लिहिला. कोरियन कलेकडे पाहण्याच्या त्यांच्या करुणाभरल्या दृष्टीवर पुढे कोरियन समीक्षकांनी टीका केली, आणि ती अनाठायी नव्हती. तरीही एका निबंधाने द्वार वाचवण्यास हातभार लावला ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. १९२७ मध्ये द्वार पाडण्याऐवजी उचलून राजवाड्याच्या पूर्व बाजूस नेण्यात आले. वाक्यातला शब्द खोडला नाही, पण जेथे त्याचा अर्थ लागत होता तेथून तो काढला.

राजवाड्याच्या पश्चिमेकडील जुन्या वस्तीत, तोंगइन-दोंग भागात, कवी यी सांग (१९१० ते १९३७) राहत असे. शिक्षणाने तो वास्तुविशारद होता आणि काही वर्षे गव्हर्नर-जनरलच्या सरकारातच बांधकाम विभागात नोकरीला होता. १९३४ साली त्याची एक दुर्बोध कवितामाला दैनिकात क्रमशः छापली जाऊ लागली, तेव्हा वाचकांच्या संतापामुळे ती पंधरा कवितांवर थांबवावी लागली. आज ‘यी सांगचे घर’ म्हणून दाखवले जाते ते त्याच्या राहत्या घराच्या जागेच्या एका तुकड्यावर नंतर बांधलेले घर आहे. ह्या परिसरात हे वाचून आता वाचकाला आश्चर्य वाटणार नाही.

गव्हर्नर-जनरलच्या इमारतीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९४५ मध्ये जपानची सत्ता संपली, पण इमारत राहिली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी कोरिया प्रजासत्ताकाच्या सरकारची घोषणा झाली ती तिच्याच समोर. पुढे ती शासकीय मुख्यालय होती आणि १९८६ पासून राष्ट्रीय संग्रहालय. म्हणजे एकोणीस वर्षे वसाहतीची आणि जवळजवळ अर्धशतक स्वतंत्र देशाची अशी तिची विभागणी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, तिच्या घुमटाचा कळस उतरवण्यात आला आणि पुढच्या वर्षी इमारत नाहीशी झाली. पाडावी की ठेवावी ह्यावर आधी मोठा वाद झाला होता. राजवाड्याच्या छाताडावर बसलेली ती वास्तू रोज पाहावी लागणे ज्यांना असह्य होते त्यांची बाजू समजण्यास कष्ट पडत नाहीत. परंतु तिच्याबरोबर प्रजासत्ताकाच्या जन्माचे स्थळही गेले, हेही खरे. कळस आणि काही अवशेष चोनान येथील स्वातंत्र्य-स्मारकाच्या आवारात, जमिनीच्या पातळीपासून पाच मीटर खाली, मावळतीच्या बाजूस ठेवले आहेत. ही आम्हांस तळटीप वाटते: पाठ मुख्य मजकुरातून काढला, पण काढला आहे हे लपवले नाही.

द्वाराचे पुढे काय झाले? कोरियन युद्धात (१९५० ते १९५३) त्याचा लाकडी मंडप जळाला. १९६८ साली पार्क चुंग-ही ह्यांच्या लष्करी राजवटीच्या काळात ते दक्षिण तटात परत आणले गेले, पण मंडप काँक्रीटचा झाला. आणि जागाही अचूक नव्हती, कारण मागे उभ्या असलेल्या वसाहती इमारतीच्या अक्षाशी ते जुळवले गेले. पाटीवर चिनी अक्षरांऐवजी हंगुल लिपी आली, आणि हस्ताक्षर होते खुद्द पार्क ह्यांचे. त्याच वर्षी २७ एप्रिलला चौरस्त्यावर यी सुन-सिनचा पुतळा बसला. सोळाव्या शतकात जपानी आरमाराला रोखणाऱ्या सेनानीची येथे स्थापना करण्यामागे लष्करी राजवटीचे स्वतःचे हेतू होते. पुतळ्याने तलवार उजव्या हातात का धरली आहे, म्हणजे ती उपसावी कशी, ह्यावर कोरियात बरीच शाई खर्ची पडली आहे. पुतळा मात्र राहिला, आणि लोकांनी तो आपला मानला.

२०१० साली काँक्रीटचे द्वार उतरवून, उत्खननात सापडलेल्या पायानुसार, लाकडाचे द्वार मूळ जागी उभारले गेले. त्या वेळी पार्क ह्यांची पाटी गेली. तिच्या जागी देवनगुनच्या पुनर्बांधणीतील सेनाधिकारी इम ते-योंग ह्याच्या हस्ताक्षरातील चिनी अक्षरे जुन्या काचपट्टी छायाचित्रांवरून सिद्ध करण्यात आली: पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे. तीन महिन्यांच्या आत पाटीला तडा गेला. पुढे, २०१६ मध्ये, अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेकडील एक जुने छायाचित्र पुढे आले. त्यात पार्श्वभूमी अक्षरांपेक्षा गडद दिसत होती. त्यानंतर जपानच्या वासेदा विद्यापीठात असलेली राजवाड्याच्या पुनर्बांधणीची रोजनिशी अभ्यासकांच्या हाती लागली, आणि काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरे होती हे निश्चित झाले. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी तशी पाटी लागली. द्वारापुढचा दगडी चबुतराही त्याच दिवशी लोकांस खुला झाला. वसाहतकाळात ट्रामचे रूळ टाकताना तो नाहीसा झाला होता. एका पाटीसाठी वॉशिंग्टन आणि तोक्यो येथील साधने ताडून पाहणारी ही खटपट कोणत्याही चिकित्सक आवृत्तीच्या संपादकाला अभिमान वाटावा अशी आहे.

तरीही वाद मिटला नाही. मे २०२४ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक मंत्र्यांनीच पाटी हंगुलमध्ये असावी असा विचार मांडला. त्यामागची भावना समजण्यासाठी चौकातल्या दुसऱ्या पुतळ्याकडे वळले पाहिजे. सेजोंगचा पुतळा ९ ऑक्टोबर २००९ रोजी, म्हणजे हंगुल दिनी, बसवला गेला. १४४३ साली त्याने नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रसृत केली. सामान्य माणसाला आपले म्हणणे लिहिता यावे हा तिचा घोषित हेतू होता. १४४४ मध्ये त्याच्याच विद्वत्सभेतील चे माल्ली आदी पंडितांनी विरोधी निवेदन दिले: चिनी अक्षरे सोडणे म्हणजे सुसंस्कृत जगापासून तुटणे, असा त्यांचा रोख होता. पुढील साडेचारशे वर्षे राज्यव्यवहारात पंडितांचीच सरशी झाली. वसाहतकाळात हंगुलवर प्रत्यक्ष संकट आले. १९४२ साली कोरियन भाषामंडळाच्या अभ्यासकांची धरपकड झाली आणि शब्दकोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले. १९४५ च्या सप्टेंबरात ते सोल रेल्वेस्थानकाच्या गोदामात सापडले, आणि १९४७ पासून दहा वर्षांत कोशाचे सहा खंड निघाले. ज्या लिपीसाठी माणसे तुरुंगात गेली, ती लिपी देणाऱ्या राजाच्या पाठीमागे परकी अक्षरे का, हा प्रश्न म्हणूनच पोकळ नाही.

दुसऱ्या बाजूचे उत्तरही तितकेच सबळ आहे. सेजोंगच्या हयातीत ह्या द्वाराचे नाव चिनी अक्षरांतच ठरले. आज हंगुल पाटी लावली तर ती सेजोंगचा काळ परत आणणार नाही. ती आजच्या काळाचे म्हणणे सेजोंगच्या नावावर घालील. हे रवींद्रनाथांच्या चार ओळींना गीतांजलीची कविता जोडण्यासारखेच होईल: भावना खरी, पाठ क्षेपक. पण मग चिनी पाटीवाल्यांनाही एक प्रश्न विचारावा लागतो. इतिहासाचे घड्याळ १८६० च्या दशकातच का थांबवायचे? १३९५ का नाही? १९६८ का नाही? पार्क ह्यांची पाटीही सुमारे चार दशके तेथे होती. तिच्याखालून दोन पिढ्या गेल्या. त्या पाटीखाली मोठी झालेली पिढी तिला खोटी म्हणणार नाही.

आमचे मत असे: सोनेरी चिनी अक्षरे राहू द्यावीत, कारण आज उभे असलेले द्वार देवनगुनच्या द्वाराची आवृत्ती म्हणूनच बांधले आहे, आणि आवृत्तीने आपल्या आधारपोथीशी इमान राखावे. मात्र ‘हेच मूळ’ असा दावा तिने करू नये. ‘हा एक पाठ आम्ही निवडला, आणि हे बाकीचे’ असे सांगणारी तळटीप जागेवरच हवी. २०२२ साली चौक दुपटीहून मोठा करताना जोसनकालीन एका खात्याच्या दरवाजाचे अवशेष सापडले, आणि ते झाकून न टाकता काचेखाली दिसतील असे ठेवले गेले. ही रीत द्वारालाही लावता येईल.

कारण चौकाचा मजकूर राजे आणि मंत्री एवढ्यांनीच लिहिलेला नाही. १९ एप्रिल १९६० रोजी अध्यक्षांच्या निवासस्थानाकडे निघालेले विद्यार्थी ह्याच रस्त्याने गेले आणि पुढे गोळीबारात पडले. २०१४ मध्ये सेवोल बोट बुडून ३०४ जीव गेल्यानंतर मृतांच्या कुटुंबीयांचे तंबू येथे जवळजवळ पाच वर्षे होते. २०१६ च्या हिवाळ्यात मेणबत्त्या घेऊन लाखो माणसे येथे जमली, आणि १० मार्च २०१७ रोजी अध्यक्षा पार्क गुन-हे पदच्युत झाल्या. ज्यांचे हस्ताक्षर एकेकाळी द्वारावर होते त्या पार्क ह्यांच्या त्या कन्या. ३ डिसेंबर २०२४ च्या लष्करी कायद्याच्या घोषणेनंतर, ४ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष युन पदच्युत होईपर्यंत, विरोधक आणि समर्थक दोघांनीही ह्याच परिसरात थंडी सोसली. ह्यांतले बहुतेक काही दगडात नाही. तंबू २०१९ मध्ये उतरले, मेणबत्त्या विझल्या. पुनर्बांधणीचे कोणतेही शास्त्र हे पाठ परत आणू शकत नाही. ते लेखनातून आणि स्मरणातूनच टिकतात.

शेवटी एका दुसऱ्या पाटीचा उल्लेख करावयास हवा. चौकाच्या दक्षिणेकडील क्योबो इमारतीवर १९९१ पासून एक भला मोठा फलक लागत आला आहे, सुमारे वीस मीटर रुंद. आरंभी त्यावर घोषवाक्ये असत. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर त्यावर कवितेच्या ओळी येऊ लागल्या. वर्षातून चारदा, ऋतू पालटला की ओळी बदलतात, आणि त्या असतात हंगुलमध्ये. कार्यालयांत जाणारी माणसे सिग्नलपाशी क्षणभर मान वर करून त्या वाचतात. हंगुल पाटीसाठी भांडणाऱ्यांना हा फलक उत्तर म्हणून पुरेसा वाटणार नाही, आणि तसा तो वाटावा असा आमचा आग्रहही नाही. पण चौकाच्या एका टोकाला तीन अक्षरे एका सालाशी पक्की बांधलेली आहेत आणि दुसऱ्या टोकाला दर तीन महिन्यांनी नवा मजकूर लागतो, ही वस्तुस्थिती सेजोंगच्या लिपीला फारशी प्रतिकूल नाही.